'द गर्ल फ्रॉम अंकल': कोणते भाग निवडावेत आणि मराठी सबटायटल कशी करावीत?

चित्रमंडळ_सचिव

नमस्कार मंडळी. स्टेफनी पॉवर्सची 'द गर्ल फ्रॉम अंकल' आमच्या चित्रपट मंडळात दोन शनिवारी दाखवायची आहे. एनबीसी ही अमेरिकी वाहिनी, 1966-67, एकच सीझन, 29 भाग. 'अंकल' ही मालिकेतली गुप्तहेर संघटना. स्त्री हेर नायिका असलेल्या मालिका अमेरिकेत फार टिकत नसत, त्या विषयावर आधी छोटं टिपण वाचून मग भाग दाखवायचे असा बेत आहे. एका शनिवारी तीन तास मिळतात.

सभासदांत ज्येष्ठ मंडळी जास्त आहेत. इंग्रजी कळतं, पण त्या काळच्या अमेरिकन संवादांचा वेग झेपत नाही. म्हणून मराठी सबटायटल करणार आहोत. मला चार गोष्टी विचारायच्या आहेत. 29 मधले कोणते भाग घ्यावेत आणि कोणत्या क्रमाने? मालिका एका वर्षातच का गुंडाळली? डीव्हीडीवरून मोठ्या टीव्हीवर दाखवताना काय सांभाळावं? आणि सबटायटल करताना मराठीत कुठे अडखळायला होईल?

मालिका पाहिलेल्यांनी नेमकं सांगावं, ही विनंती.

---

रीळवेडा

सुरुवात या मालिकेपासून करूच नका. एप्रिल डान्सर, म्हणजे या मालिकेची नायिका, हे पात्र पहिल्यांदा दिसतं ते मूळ मालिकेत, म्हणजे 'द मॅन फ्रॉम अंकल'च्या दुसऱ्या सीझनमध्ये. 'द मूनग्लो अफेअर' हा भाग 25 फेब्रुवारी 1966 ला प्रसारित झाला. लेखन डीन हारग्रोव्हचं, दिग्दर्शन जोसेफ सार्जंटचं. त्यात एप्रिल आहे मेरी ॲन मोबली (1959 ची मिस अमेरिका) आणि तिचा जोडीदार मार्क स्लेट आहे नॉर्मन फेल. हा मार्क चाळिशी ओलांडलेला, म्हणजे संघटनेच्या नियमानुसार मैदानी कामातून बाद व्हायच्या वयाचा. मूळ मालिकेचे नायक सोलो आणि इलिया निकामी होतात, संघटनेचा प्रमुख वेव्हर्ली नाइलाजाने या दोघांना पाठवतो. नवखी पोरगी आणि थकलेला उस्ताद, अशी ती जोडी.

सप्टेंबरमध्ये मालिका सुरू झाली तेव्हा दोन्ही कलाकार बदललेले होते. एप्रिल झाली स्टेफनी पॉवर्स, मार्क झाला नोएल हॅरिसन: तरुण, ब्रिटिश, लंडनच्या नव्या फॅशनचे कपडे घालणारा. उस्ताद-शिष्येचं नातं गेलं आणि बरोबरीचे दोन मित्र उरले. 'मूनग्लो' आधी दाखवला की हा फरक सभासदांना आपोआप दिसेल, टिपणात वेगळं सांगावं लागणार नाही.

भाग साधारण 50 मिनिटांचे आहेत. तीन तासांत तीन बसतात आणि टिपण व चहाला 30 मिनिटं उरतात. माझी यादी अशी.

पहिला शनिवार: 'मूनग्लो', मग 13 सप्टेंबर 1966 चा पहिला भाग 'द डॉग-गॉन अफेअर', मग 27 सप्टेंबरचा 'द मदर मफिन अफेअर'. 'डॉग-गॉन'मध्ये माणसाला मंदगती करून सोडणारं औषध आहे आणि त्यावरचा उतारा एका डॅक्सहुंड कुत्र्याशी निगडित आहे. मालिकेचा सूर किती हलका ठेवायचा होता ते त्यातच कळतं. 'मदर मफिन'मध्ये बोरिस कार्लॉफने म्हातारीचं काम केलंय, मारेकरी तयार करणारी म्हातारी! मार्क या भागात नाही, त्याच्या जागी मूळ मालिकेतला नेपोलियन सोलो, म्हणजे रॉबर्ट वॉन आहे. कार्लॉफ विनोदाचा आव अजिबात आणत नाही, त्यामुळे तो भाग अजून टिकून आहे.

दुसरा शनिवार: 13 डिसेंबर 1966 चा 'द लिटल जॉन डो अफेअर', 7 फेब्रुवारी 1967 चा 'द फाउंटन ऑफ यूथ अफेअर' आणि 21 फेब्रुवारीचा 'द फर्नेस फ्लॅट्स अफेअर'. पहिल्यात वॉली कॉक्स आणि पर्नेल रॉबर्ट्स आहेत, आणि हा भाग त्यातल्या त्यात गंभीर आहे. दुसऱ्यात जीना रोलंड्स खलनायिका. तिसऱ्यात वाळवंट पार करायची शर्यत आहे आणि सामना बायकांमध्येच आहे. एप्रिलसमोर रूथ रोमन आणि गायिका पेगी ली. तुमचा विषय पाहता तो वगळू नका.

वेळ उरला तर 'मॅन'चा 30 सप्टेंबर 1966 चा 'द गलाटिया अफेअर' घ्या. 'मदर मफिन' मंगळवारी झाला आणि त्याच शुक्रवारी हा. सोलो इकडे आला म्हणून मार्क स्लेट तिकडे गेला, अशी अदलाबदल होती. कथा एका बाईला शिकवून उमराव घराण्यातली भासवायची. नोएलचे वडील रेक्स हॅरिसन यांनी पडद्यावर नेमकं तेच शिकवण्याचं काम करून 1964 च्या 'माय फेअर लेडी'साठी ऑस्कर मिळवलं होतं. हे आधी सांगितलंत तर भागातली अर्धी गंमत पोचेल.

---

साडेसातचा_खेळ

मालिका का गुंडाळली ते सांगतो. पहिलं कारण वेळ. मंगळवार संध्याकाळी 7:30. मुलं जागी असतात ती ही वेळ, म्हणून हाणामारी बेताची. मूळ मालिका त्या वर्षी शुक्रवारी 8:30 ला होती, तिला थोडी मोकळीक होती. एप्रिलचे भाग नीट पाहा: ठोसे बहुतेक मार्कच्या वाट्याला येतात, एप्रिलच्या वाट्याला वेशांतर, युक्ती आणि बांधून ठेवलं जाणं. ॲक्शन मालिकेच्या नायिकेच्या हातून ॲक्शनच काढून घेतली, मग उरलं काय?

समोर दोन पक्के स्पर्धक होते. एबीसीवर 'कॉम्बॅट!', म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली पायदळाची तुकडी, पाचवं वर्ष, पुरुष प्रेक्षक बांधलेला. सीबीएसवर 'डाक्टारी', म्हणजे आफ्रिकेतला प्राण्यांचा डॉक्टर, क्लॅरेन्स नावाचा तिरळा सिंह आणि ज्युडी नावाची चिंपांझी. 7:30 ला घरातलं पोर कुठलं बटण फिरवणार हे उघड आहे.

दुसरं कारण बॅटमॅन. एबीसीने 12 जानेवारी 1966 पासून बॅटमॅन सुरू केला आणि मुद्दाम भडक, मुद्दाम खोटा असा सूर एकदम चलनात आला. 'मॅन'च्या तिसऱ्या सीझननेही तोच धरला आणि 'गर्ल' तर जन्मालाच त्या सुरात आली. एकाच छापाच्या आठवड्याला दोन मालिका, दोन्हींत तोच वेव्हर्ली, तीच थ्रश ही शत्रुसंघटना, एमजीएम स्टुडिओचे तेच बाहेरचे सेट. दोघींनीही एकमेकींचा प्रेक्षक खाल्ला. 'गर्ल' 11 एप्रिल 1967 ला संपली. 'मॅन'ने चौथ्या सीझनमध्ये सूर परत गंभीर केला, पण उशीर झाला होता. 15 जानेवारी 1968 ला तीही 105 भागांवर थांबली.

म्हणून टिपणात 'स्त्री नायिका प्रेक्षकांना चालली नाही' असं कृपया लिहू नका.

---

अर्धविराम

वेळेबद्दल सहमत. बॅटमॅनवर सगळं ढकलणं मात्र मला पटत नाही. सूर भडक असून चांगलं लिहिता येतं, बॅटमॅनच्याच पहिल्या सीझनने ते दाखवलं. 'गर्ल'चा दोष पटकथेच्या बांधणीत आहे.

कुठलाही भाग घ्या आणि कागदावर दोन रकाने आखा. एप्रिलने स्वतः ठरवून केलेली गोष्ट एका रकान्यात, एप्रिलच्या बाबतीत घडलेली दुसऱ्यात. प्रत्येक अंकाच्या शेवटी, म्हणजे जाहिरातीच्या आधी, ती बहुतेक वेळा दुसऱ्या रकान्यात असते. पिंजऱ्यात, दोराला लटकलेली, यंत्राखाली. अंक उघडतो तो तिच्या सुटकेने, आणि सुटका कधी मार्क करतो, कधी योगायोग. 'मॅन'मध्ये सोलोही पकडला जातो, पण तो बहुधा मुद्दाम आत शिरलेला असतो. फरक एवढाच, पण नायक कोण ते त्यावरच ठरतं.

आणि तुलना हवी तर त्याच आठवड्यातली आहे. 'गर्ल' सुरू झाली मंगळवारी 13 सप्टेंबरला. शनिवारी 17 सप्टेंबरला सीबीएसवर 'मिशन: इम्पॉसिबल' सुरू झाली. तिच्यातली सिनॅमन कार्टरही मारामारी करत नाही. पण योजना तिच्यावाचून पुढे सरकत नाही. बार्बरा बेनला त्या कामासाठी 1967, 1968 आणि 1969 असे ओळीने तीन एमी, म्हणजे अमेरिकी टीव्हीचे पुरस्कार, मिळाले. ब्रिटिश 'द ॲव्हेंजर्स'मधली एमा पील त्याच वर्षी मार्चपासून एबीसीवर दिसत होती आणि ती तर सरळ हात चालवत होती. प्रेक्षकाला स्त्री हेर नको होती असं कसं म्हणायचं?

एबीसीची 'हनी वेस्ट'ही टिपणात घ्या. 1965-66, ॲन फ्रान्सिस, अर्ध्या तासाचे 30 कृष्णधवल भाग. हनी हेर नाही, खासगी गुप्तहेर आहे, पण ज्युडो-कराटे स्वतः करते. तीही एकाच सीझनमध्ये संपली, पण तिची कारणं वेगळी. दोघींना एका माळेत ओवू नका. पुढे 2002 साली 'शी स्पाइज' आली. तीन नायिका. चार भाग एनबीसीवर दाखवून मग मालिका स्थानिक वाहिन्यांना विकायच्या पद्धतीवर गेली आणि दोन सीझनमध्ये आटोपली. तिथेही सूर मध्येच बदलला. टिपणाला हा धागा पुरेसा आहे: नायिका कोण हे निर्मात्यांनी ठरवलं, पण तिने काय करायचं हे नाही.

---

साडेसातचा_खेळ

अर्धविराम, दोन रकान्यांची युक्ती चांगली आहे. 'मूनग्लो'ला लावून पाहिली तर एप्रिलचा पहिला रकाना ठसठशीत भरतो, म्हणजे पात्र सुरुवातीला नीट रचलेलं होतं. मालिका करताना ते पातळ झालं. माझं म्हणणं तेवढं दुरुस्त करून घेतो.

---

बारीक_तार

डीव्हीडी आणि टीव्हीबद्दल.

मालिका वॉर्नर आर्काइव्हने 2011 साली दोन भागांत काढली. कारखान्यात ठसा मारलेल्या चकत्या नाहीत या, मागणीनुसार भरलेल्या डीव्हीडी-आर आहेत. मागची बाजू जांभळट दिसते ती त्यामुळेच. जुन्या प्लेअरचं लेझर थकलेलं असेल तर अशी चकती अडते, बहुतेकदा शेवटच्या भागाला, कारण तिथे वाचन कडेपाशी होतं आणि चकतीचा किंचितसा बाकही तिथेच जाणवतो. कार्यक्रमाच्या आधी प्रत्येक भागाची शेवटची 5 मिनिटं लावून बघा, सुरुवात बघून काही कळत नाही. चकतीवर कागदी लेबल चिकटवू नका, ऊन लागू देऊ नका. 'मूनग्लो' या संचात मिळणार नाही, त्यासाठी 'मॅन'चा दुसरा सीझन लागेल.

चकत्या अमेरिकी आहेत, म्हणजे एनटीएससी या तिकडच्या टीव्ही-पद्धतीच्या. आपल्याकडचे अलीकडचे प्लेअर आणि टीव्ही ते घेतात. रीजनचा, म्हणजे चकती कुठल्या देशांसाठी आहे त्याचा, आकडा खोक्यावर पाहा. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन फक्त 5 वेळा बदलता येतो, पाचव्यांदा जिथे ठेवाल तिथेच तो कायमचा राहतो. उगाच प्रयोग करू नका.

चित्र 4:3 आहे. 1920 बाय 1080 च्या पडद्यावर ते 1440 बाय 1080 बसतं आणि दोन्ही बाजूंना 240-240 पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. राहू द्या. 'फुल' केलंत तर चेहरे पसरट होतात, 'झूम' केलंत तर उंचीचा पाव हिस्सा कापला जातो. या मालिकेत प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला अंकाचं नाव पडद्यावर येतं, झूममध्ये नेमकी तीच ओळ जाते. टीव्हीचं 'मोशन स्मूदिंग' नावाचं जे काही असेल तेही बंद करा.

मूळ चित्रण 35 मिमी फिल्मवर, सेकंदाला 24 चित्रांचं. एनटीएससीत बसवताना चित्रांची पुनरावृत्ती करतात. संगणकावर घेताना हलत्या हाताच्या कडेला फणीच्या दात्यांसारख्या रेघा दिसल्या, दर 5 पैकी 2 चित्रांत, तर 'डीइंटरलेस' नको, 'डीटेलिसिन' (पुनरावृत्ती काढून मूळ चित्रं परत मिळवणं) वापरा आणि गती सेकंदाला 23.976 चित्रं ठेवा. डीइंटरलेसने रेघा जातात, पण तपशीलही जातो आणि कॅमेरा फिरताना हिसके बसतात.

एक महत्त्वाचं. घरगुती डीव्हीडी विकत घेतली म्हणजे सभेत दाखवायचा हक्क मिळत नाही, तिकीट नसलं तरी. निर्मिती एमजीएमची असली तरी पत्र एमजीएमला लिहू नका. एमजीएमचा 1986 पूर्वीचा संग्रह टर्नरकडे गेला आणि 1996 मध्ये टर्नर टाइम वॉर्नरमध्ये. म्हणून ही मालिका वॉर्नरकडे आहे. सबटायटल करणार हेही परवानगीच्या पत्रात लिहा.

---

शुद्धलेखन_नको

सबटायटलच्या तांत्रिक बाजूचं मी सांगते.

पन्नास मिनिटांच्या भागात साधारण 500 ते 700 ओळखंड होतात. पहिल्या भागाला 20 तास धरा, पुढचे लवकर होतील. एका वेळी दोनच ओळी. खंड किमान सव्वा सेकंद, कमाल 6 सेकंद. ज्येष्ठांसाठी वाचनाचा वेग सेकंदाला 12 चिन्हांच्या आसपास ठेवा. पण सॉफ्टवेअर चिन्हं कशी मोजतं ते लक्षात घ्या. 'स्त्री' हे डोळ्याला एक अक्षर आहे, संगणक ते 6 मोजतो: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ई. म्हणून इंग्रजीसाठी ठरवलेली मर्यादा मराठीला लावली की सॉफ्टवेअर प्रत्येक ओळ लाल करून ठेवतं. त्या लाल रंगाला घाबरून वाक्यं छाटू नका, मोठ्याने वाचून पाहा.

वेळ हुकते तेव्हा आधी हुकण्याचा प्रकार ओळखा. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच 3 सेकंदांचा फरक असेल तर सगळी फाइल सरकवा. सुरुवात बरोबर आणि शेवटी फरक वाढत गेला असेल तर गती वेगळी आहे. कुठून तरी मिळालेली इंग्रजी फाइल युरोपीय, म्हणजे 25 च्या गतीची असते आणि 50 मिनिटांच्या भागात शेवटी 2 मिनिटं 3 सेकंदांचा फरक पडतो. तिथे 25 वरून 23.976 असं रूपांतर करायचं. 29.97 आणि 23.976 मध्ये मात्र रूपांतर करू नका. त्यात चित्रांची संख्या बदलते, लांबी बदलत नाही. 29.97 दिसलं की रूपांतर करायचंच, असं समजून चांगली फाइल बिघडवली जाते.

फाइल यूटीएफ-8 मध्ये जतन करा, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं. आणि पेन ड्राइव्ह टीव्हीला लावून वेगळी सबटायटल फाइल चालवायचा विचार असेल तर तो सोडा. पुष्कळ टीव्हींना देवनागरीची जोडणी येत नाही: 'कि'ची वेलांटी अक्षराच्या मागे पडते, 'क्ष' फुटतो, रफार भलत्याच जागी. सबटायटल चित्रातच पक्की करून घ्या. त्यातही क्रम महत्त्वाचा. डीव्हीडीचं चित्र 720 बाय 480 चं, त्यावर अक्षरं बसवून मग मोठं केलंत तर अक्षरांच्या कडा दातेरी होतात. आधी चित्र 1440 बाय 1080 करा, मग अक्षरं बसवा.

फॉन्ट 'नोटो सान्स देवनागरी' चालेल किंवा मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता'. ल आणि श मराठी वळणाचे येतात का, ते एका चौकटीवर तपासा. अक्षर पांढरं, काळी कड 3 पिक्सेल, मागे पट्टी नको. तळापासून 80 पिक्सेल वर ठेवा, मागच्या रांगेला पुढच्यांची डोकी आड येतात.

---

कस्तूर

भाषेतल्या अडचणी.

शीर्षकांतला 'अफेअर' तसाच ठेवू नका. मराठीत 'अफेअर' म्हटलं की लोकांच्या मनात एकच अर्थ येतो. इथे 'प्रकरण' बसतं: 'मदर मफिन प्रकरण', 'फर्नेस फ्लॅट्स प्रकरण'. 'डॉग-गॉन'मधला श्लेष मराठीत येत नाही, ओढूनताणून आणू नका.

'अंकल' ठेवा. काका-मामा केलंत तर ते आद्याक्षरांचं नाव आहे हेच हरवतं. पूर्ण नाव पहिल्यांदा येईल तेव्हा देवनागरीत पूर्ण द्या: युनायटेड नेटवर्क कमांड फॉर लॉ अँड एन्फोर्समेंट. 'थ्रश'चंही तसंच. थ्रश म्हणजे पक्षी खरा, आपल्या सह्याद्रीतल्या शीळकरी कस्तुराचा नावापुरता भाऊबंद, पण शत्रुसंघटनेला 'कस्तूर' म्हटलंत तर प्रेक्षक गोंधळेल. उलट थ्रशच्या विभागीय ठाण्यांना आणि त्यांच्या प्रमुखांना 'सॅट्रॅप' म्हणतात, तिथे मराठीत आयता शब्द आहे: क्षत्रप. दोन्हींचं मूळ एकच इराणी शब्दात आहे आणि आपल्या राजकारणाच्या बातम्यांत तो आजही रोज येतो. वेव्हर्ली झालेल्या लिओ जी. कॅरलच्या संथ आवाजात 'थ्रशचा क्षत्रप' छान शोभेल.

वेव्हर्ली सगळ्यांना 'मिस डान्सर', 'मिस्टर स्लेट' म्हणतो, तेव्हा तो 'तुम्ही'च म्हणणार. एप्रिल-मार्क एकमेकांना 'तू'. सोलोशी एप्रिल कसं बोलेल यावर विचार करा. तो तिच्या वरच्या हुद्द्यावर आहे, अंमलबजावणी विभागाचा प्रमुख. पण 'मदर मफिन'मध्ये दोघं एकत्र निसटतात, एकमेकांची थट्टा करतात. मी असते तर दोघांनाही 'तू' दिलं असतं.

सर्वांत जास्त चुका क्रियापदांत होतात. इंग्रजी संहितेत 'मी'चं लिंग दिसत नाही. यंत्राकडून कच्चं भाषांतर करून घेतलंत तर एप्रिल 'मी येतो', 'मी पाहिला' असं बोलू लागते. बोलणारा कोण हे प्रत्येक खंडापुढे आधी लिहून काढा, मगच भाषांतर करा. आणि 'मदर मफिन'मध्ये उलटी चूक होते. पडद्यावर बोरिस कार्लॉफ दिसतो म्हणून हात आपोआप 'मी सांगतो' लिहितो. पात्र बाईचं आहे, 'मी सांगते'च हवं. तिथे एकदा जरी 'सांगतो' पडलं तर कार्लॉफने केलेली सगळी मेहनत वाया गेली.

संपर्काचं पेन उघडून, एरिअल वर ओढून 'ओपन चॅनल डी' म्हणतात. ते भाषांतरित करू नका. तो परवलीचा शब्द आहे, सभासदांना दुसऱ्या भागापर्यंत पाठ होईल.

---

चित्रमंडळ_सचिव

सगळ्यांचे मनापासून आभार. रीळवेडांची यादी घेतो, 'गलाटिया' सोडून. परवानगीसाठी वॉर्नरला लिहितो, उत्तर आल्यावरच तारखा ठरवू. दोन शंका उरल्या. एप्रिल डान्सर हे नाव इयन फ्लेमिंगने दिलं असं वाचलं, खरं का? आणि शेवटची श्रेयनामावली चालू असते तेव्हा सबटायटल ठेवायची का? मंडळी उठायला लागतात.

---

रीळवेडा

नावाचं खरं आहे. निर्माता नॉर्मन फेल्टनने 1962 मध्ये फ्लेमिंगशी मालिकेबद्दल चर्चा केली होती. त्यातून दोन नावं टिकली, नेपोलियन सोलो आणि एप्रिल डान्सर. 1963 मध्ये फ्लेमिंग बाजूला झाला. पुढची सगळी रचना सॅम रोल्फची. टिपणात 'फ्लेमिंगची मालिका' असं लिहू नका, फक्त नाव त्याचं. संगीताचा उल्लेख मात्र जरूर करा: शीर्षकधून जेरी गोल्डस्मिथची, पण या मालिकेसाठी ती नव्याने बांधली डेव्ह ग्रुसिनने. 'मूनग्लो' आणि 'डॉग-गॉन' लागोपाठ दाखवाल तेव्हा दोन्ही शीर्षकं कापू नका, तीच धून दोन अंगांनी ऐकायला मिळेल.

आणि हो, मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला, म्हणजे मालिका संपून पाच वर्षं झाल्यावर. तेव्हा 'आम्ही लहानपणी मुंबईत टीव्हीवर पाहिली' असं कुणी म्हणालं तर ते बहुधा दुसरीच एखादी मालिका आठवत असणार.

---

कस्तूर

श्रेयनामावलीतली नावं नकोत, पण एक चौकट सोडू नका. शेवटी अंकल संघटनेचे आभार मानणारी पाटी येते, जणू ती संघटना खरीच आहे. मूळ मालिकेपासून चालत आलेली प्रथा आहे ती. उठलेली मंडळी दारातून मागे वळून वाचतील अशी, 5 सेकंद, दोन ओळींत:

'युनायटेड नेटवर्क कमांड फॉर लॉ अँड एन्फोर्समेंटचे आभार.
त्यांच्या साहाय्याविना हा कार्यक्रम शक्य झाला नसता.'